उसण नव्हे, मणका मोडला आहे

हाडे ठिसूळ झाल्यामुळे जी फ्रॅक्चर होतात, त्यांत सर्वाधिक संख्या मणक्यांच्या फ्रॅक्चरची असते आणि निदान सर्वांत जास्त हुकते तेही त्यांचेच. खुब्याचे हाड मोडले की माणूस जागचा उठत नाही. मनगट मोडले की हात वाकडा दिसतो, सुजतो, प्लास्टर पडते. मणका मोडलेला माणूस मात्र कंबर धरून का होईना, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतो आणि गोळ्या, मलम, शेकण्याची पिशवी असा सल्ला घेऊन घरी जातो. एक्स-रेमध्ये पुढे कधीतरी दिसून येणाऱ्या अशा फ्रॅक्चरपैकी सुमारे दोन-तृतीयांश फ्रॅक्चर ज्या वेळी झाली, त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलेली नसतात. हा दुखण्याचा दुर्मिळ प्रकार आहे असेही नाही. दिल्लीत पन्नाशीपुढच्या सुमारे ८०० स्त्री-पुरुषांचे एक्स-रे काढून केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १८ टक्के लोकांच्या पाठीत निदान एक तरी दबलेला मणका आढळला. विशेष म्हणजे पुरुषांमधले प्रमाण स्त्रियांपेक्षा कमी नव्हते. ‘हाडांचा ठिसूळपणा हे बायकांचे दुखणे’ हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

मणक्याचा पुढचा, डबीसारख्या आकाराचा भाग शरीराचा भार पेलतो. त्याचे बाहेरचे कवच पातळ असते आणि आत हाडाच्या बारीक उभ्या-आडव्या तुळयांची जाळी असते. हाड सतत झिजत आणि भरत असते. स्त्रियांमध्ये पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, तेव्हा झीज भरण्यापेक्षा जोरात चालते. पुरुषांत हीच गोष्ट सावकाश, उशिरा घडते. जाळीतल्या आडव्या तुळया आधी तुटतात. उभ्यांना बाजूने धरणारे कोणी राहिले नाही की त्या थोड्या भारानेही वाकतात. वाळवी लागलेला वासा बाहेरून अखंड दिसावा, तसा हा मणका असतो. माणूस पुढे वाकला की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, ती कडा चेपते आणि मणक्याला पाचरीचा आकार येतो. कधी मधला भाग खचतो, तर कधी अख्खा मणकाच चपटा होतो. पुढची, मधली किंवा मागची उंची २० टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली, तर ते फ्रॅक्चर समजतात. २५ टक्क्यांपर्यंत सौम्य, ४० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र ही प्रतवारी जेनंट या रेडिऑलॉजिस्टने १९९३ साली मांडली आणि आजही तीच सर्वत्र वापरात आहे.

मोडण्याच्या जागाही साधारण ठरलेल्या असतात. पाठीच्या बारा मणक्यांना बरगड्यांचा आधार असतो, कंबरेचे पाच मणके मोकळे हलतात. ताठर भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथे, म्हणजे पाठीचा बारावा आणि कंबरेचा पहिला मणका या जोडीवर सर्वाधिक ताण येतो. रिपोर्टमध्ये ‘डी १२’ आणि ‘एल १’ ही अक्षरे वारंवार दिसतात ती त्यामुळेच. दुसरी जागा पाठीच्या मध्यावर, सातव्या-आठव्या मणक्यापाशी. मानेच्या जवळचा, म्हणजे पाठीच्या चौथ्या मणक्याच्या वरचा एखादाच मणका दबलेला असला, तर डॉक्टर सावध होतात. ठिसूळपणामुळे तिथे फ्रॅक्चर सहसा होत नाही, तेव्हा दुसरे कारण शोधावे लागते.

दवाखान्यात पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, ‘पडलात का?’ उत्तर ‘नाही’ आले की फ्रॅक्चरचा विचार तिथेच संपतो. निदान हुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असावे. मणक्याची निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर पडल्याशिवायच होतात. पाण्याने भरलेली बादली उचलताना, सिलिंडर सरकवताना, नातवाला कडेवर घेताना, गादी उलटताना, खिडकी जोर लावून उघडताना, खोकल्याची उबळ आली असता, एवढेच काय, शिंकतानाही मणका दबू शकतो. एसटीच्या किंवा रिक्षाच्या मागच्या बाकावर बसलेले असताना गतिरोधकावर गाडी उडाली आणि पाठीत कळ आली, ही हकीकत अस्थिरोगतज्ज्ञांना नवी नाही. पडणे असलेच तर तेही किरकोळ असते: मोरीत पाय घसरून बसकण मारणे, किंवा अंधारात खुर्ची समजून भलतीकडे बसणे. कित्येकांना तर नेमका क्षणही सांगता येत नाही. म्हणून ‘पडलात का’ याऐवजी ‘दुखणे सुरू झाले तेव्हा काय करत होता’ असा प्रश्न जास्त उपयोगी ठरतो.

दुखण्याची तऱ्हा नीट ऐकली तर बराच उलगडा होतो. वर्षानुवर्षे कमीजास्त होणारी, सकाळी आखडलेली आणि हालचालीने सैल होणारी पाठदुखी बहुधा सांधे झिजल्याची असते. कंबरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत उतरणारी कळ नस दबल्याची असते. ताज्या फ्रॅक्चरचे दुखणे वेगळे. ते अचानक सुरू होते, पाठीच्या मधोमध एका जागी बोट ठेवून दाखवता येते, उभे राहिल्यावर आणि चालताना वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. अंथरुणात कूस बदलताना आणि झोपलेले असताना उठून बसताना मात्र जीव नकोसा होतो. रुग्ण हात टेकत, एका कुशीवर वळत, टप्प्याटप्प्याने उठतो. हे उठणे डॉक्टरांनी स्वतः पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते, पण गर्दीच्या ओपीडीत रुग्ण बहुतेक वेळा खुर्चीवर बसूनच तपासला जातो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील संधिवाततज्ज्ञ एम्मा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठदुखी असलेल्या वयस्क स्त्रियांना त्यांच्या वेदनेबद्दल तपशिलात विचारले. जास्त वय, आधी एखादे हाड मोडलेले असणे, दुखणे अलीकडचे असणे, चिरडल्यासारखी वेदना, पडून राहिल्यावर आराम आणि पायात कळ न जाणे या गोष्टी फ्रॅक्चरच्या बाजूने झुकणाऱ्या निघाल्या. यांतली एकही एकटी पुरेशी नसते, पण दोन-तीन जमून आल्या तर एक्स-रे काढायला हवाच.

एक चकवा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मणक्यातून निघणाऱ्या नसा बरगड्यांच्या कडेने पुढे छातीपोटाकडे येतात. त्यामुळे मोडलेल्या मणक्याची कळ पट्टा आवळल्यासारखी पुढे येते. मग छातीत दुखते म्हणून ईसीजी काढला जातो, पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी होते, पित्ताशयात एखादा खडा सापडतो आणि सगळा दोष त्याच्यावर जातो. हृदयाच्या दुखण्याची शंका आधी फेडून घ्यावी हे बरोबरच, पण तपासण्या निर्दोष निघाल्यावर पाठीकडे वळायला हवे.

सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांची तीव्र वेदना ओसरते. यालाच ‘बरे वाटले’ असे समजले जाते. फ्रॅक्चर भरून येते खरे, पण दबलेल्या आकारातच, आणि मणका पूर्वीच्या उंचीवर कधीच येत नाही. ज्यांना मुळात फारसे दुखलेच नाही, अशांचे मणकेही एकामागून एक दबत जातात आणि ती गोष्ट शरीराच्या ठेवणीतून उघड होते. उंची घटते. फळीवरचा डबा हाताला लागेनासा होतो. पोक येतो, तेव्हा सदरा किंवा ब्लाउज मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. छातीचा पिंजरा खाली सरकून पोट पुढे येते, वजन वाढलेले नसतानाही. दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, जिना चढताना धाप लागते. घरातले लोक या सगळ्याला ‘वय झाले’ असे म्हणून मोकळे होतात. वयाने उंची थोडी कमी होतेच, कारण मणक्यांमधल्या चकत्या झिजतात. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त घट झाली असेल, किंवा दोन वेळच्या मोजमापांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक पडला असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढावा असा संकेत आहे. आपल्याकडे मुलांच्या उंचीच्या खुणा भिंतीवर करतात, आजी-आजोबांची उंची मात्र कोणी मोजत नाही. दवाखान्यात वजन आणि रक्तदाब लिहिला जातो, उंचीचा रकाना कोराच राहतो. तरुणपणीची उंची आठवत नसेल तर नोकरीला लागतानाच्या वैद्यकीय दाखल्यावर ती बहुधा सापडते.

पोक किती आहे हे घरीही पाहता येते. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला लागायला हवी. ती लागत नसेल तर पाठीच्या वरच्या भागातला मणका दबलेला असण्याची शक्यता असते. कंबरेत, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्यामध्ये दोन बोटेही मावत नसतील, तर संशय खालच्या मणक्यांवर जातो. डॉक्टरांच्या तपासणीत दोन साध्या खुणा उपयोगाच्या ठरल्या आहेत. रुग्णाला आरशासमोर उभे करून मागून मणक्यांवर वरपासून खालपर्यंत मिटलेल्या मुठीने ठोकत गेले असता एका जागी रुग्ण कळवळतो आणि ते आरशात दिसते. दुसरी खूण म्हणजे रुग्णाला एकाच उशीवर उताणे झोपता येत नाही. २०१० साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एमआरआयशी ताडून पाहिले, तेव्हा या दोन्ही खुणा चांगल्याच भरवशाच्या निघाल्या. मुठीने ठोकण्याचा प्रयोग घरच्यांनी करून पाहण्याचा नव्हे, हे सांगायला नको.

संशयाचे पारडे आणखी जड करणाऱ्या काही गोष्टी असतात. चाळिशीच्या आत थांबलेली पाळी, किंवा गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढलेले असणे ही त्यांतली मोठी. ग्रामीण महाराष्ट्रात लहान वयात गर्भाशय काढलेल्या स्त्रिया कमी नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आवर्जून विचारायला हवा. दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणे हे दुसरे मोठे कारण. ‘स्टिरॉइड घेता का’ याला उत्तर ‘नाही’ येते, पण सांधेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या, रात्रीतून आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच मिसळलेले असते. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगावर हार्मोन कमी करणारे उपचार, फिटची काही जुनी औषधे, थायरॉइडचा अतिरेक, फार कमी वजन, दारू, विडी-सिगारेट, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला असणे, हेही धरावे. आणि आधी किरकोळ पडण्याने मनगट मोडले असेल, तर ती आगाऊ सूचनाच असते.

निदान करणारी तपासणी साधी आहे: पाठ आणि कंबर या दोन्ही भागांचा बाजूने काढलेला एक्स-रे. फक्त समोरून काढलेल्या चित्रात दबलेला मणका सहज निसटतो आणि फक्त कंबरेचा काढला तर वरचे मणके त्यात येतच नाहीत. खरी पंचाईत रिपोर्टच्या भाषेत होते. ‘पाचरीसारखा आकार’, ‘उंची किंचित कमी’, ‘वयोमानानुसार बदल’ अशा शब्दांत फ्रॅक्चर झाकले जाते, आणि वाचणाऱ्याला उपचार सुरू करण्याचे कारण दिसत नाही. स्पष्ट ‘फ्रॅक्चर’ असाच शब्द लिहावा, असा आग्रह आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्था गेली कित्येक वर्षे धरत आहेत. खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत किंवा पोटाच्या सीटी स्कॅनमध्येही असे मणके दिसतात, पण तिथे नजर फुप्फुसांवर किंवा यकृतावर असते.

एक्स-रेच्या मर्यादाही आहेत. पहिल्या काही दिवसांत मणका पुरता दबलेला नसतो आणि चित्र निर्दोष दिसू शकते. दुखणे टिकून राहिले तर एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. शिवाय दबलेला मणका दिसला तरी तो काल दबला की दहा वर्षांपूर्वी, हे एक्स-रे सांगत नाही. एमआरआयमध्ये ताज्या फ्रॅक्चरभोवती हाडाच्या मज्जेत पाणी धरलेले दिसते, जुन्यात ते नसते. नस दबली आहे का, गाठ आहे का, हेही त्यातच कळते. मात्र प्रत्येकाला एमआरआयची गरज नसते. हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी वेगळी. तिच्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली केली. पण दबलेल्या मणक्यात तेवढेच हाड कमी जागेत कोंबले जाते आणि घनता फसवी जास्त दिसते. म्हणून किरकोळ कारणाने मणका मोडलेला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिसचे निदान पक्के धरतात.

दबलेला प्रत्येक मणका ठिसूळपणानेच दबलेला नसतो. आपल्याकडे क्षयरोग आधी आठवावा. त्यात दोन शेजारचे मणके आणि मधली चकती मिळून पोखरली जाते, तर ठिसूळपणाच्या फ्रॅक्चरमध्ये चकती शाबूत राहते. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी आणि पडून राहिल्यावरही न थांबणारी वेदना ही क्षयाची किंवा कर्करोगाची लक्षणे ठरू शकतात. मल्टिपल मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग तर कित्येकदा मणक्याच्या फ्रॅक्चरच्या रूपानेच प्रथम समोर येतो, सोबत रक्तक्षय असतो आणि मूत्रपिंडावर परिणाम झालेला असतो. म्हणून हिमोग्लोबिन, ईएसआर, कॅल्शियम, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि रक्तातील प्रथिनांची तपासणी केल्याशिवाय ‘वयामुळे’ असा शिक्का मारू नये. पाय लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निदान होण्याआधी जे घरगुती उपाय होतात, त्यांनी कधी कधी नुकसान वाढते. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची पद्धत अजून गावोगाव आहे. स्नायूची उसण चार दिवसांत आपोआपही जाते, त्यामुळे पायाळूला श्रेय मिळते. पण ठिसूळ मणक्यावर पाय देणे, जोरकस मालीश करणे, कंबर ‘मोडून’ घेणे म्हणजे दबलेला मणका आणखी दाबणे. व्यायामाबाबतही विवेक हवा. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ साली मणके ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांचे मणके नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के निघाले. अभ्यास छोटा होता, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातले हस्तपादासन ही आसने अशा रुग्णांनी टाळावीत, मग योगवर्ग कितीही जुना आणि शिक्षक कितीही अनुभवी असो.

ओळखण्याची घाई का, तर एक मणका मोडला की दुसरा मोडण्याची शक्यता लगेच वाढते. मणक्याचे नवे फ्रॅक्चर झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीचा दुसरा मणका वर्षाच्या आतच मोडतो, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. खुबा मोडण्याचा धोकाही सोबत वाढतो. वेदनेपुरती थोडी विश्रांती, सोसतील अशा वेदनाशामक गोळ्या आणि लवकरात लवकर हिंडणेफिरणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. महिनाभर अंथरुणात पडून राहण्याने हाड आणखी झिजते. मणक्यात सिमेंट भरण्याची शस्त्रक्रिया काही निवडक रुग्णांसाठी आहे. २००९ साली तिची तुलना खोट्या शस्त्रक्रियेशी केली गेली, तेव्हा दोन स्वतंत्र चाचण्यांत दोन्ही गटांना सारखाच आराम पडला.

पुढचे फ्रॅक्चर टाळणारे उपचार मात्र खरोखर परिणामकारक आहेत: आठवड्यातून एकदा घेण्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक आम्ल, सहा महिन्यांनी एकदा डेनोसुमॅब, किंवा फार ठिसूळ हाडांसाठी रोज टोचायचे टेरिपॅराटाइड. सोबत पुरेसे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतेच, पण नुसत्या त्यांच्यावर मोडलेल्या मणक्याचे भागत नाही. अ‍ॅलेन्ड्रोनेट सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. डेनोसुमॅब सुरू केल्यावर बरे वाटते म्हणून ते परस्पर बंद करू नये. इंजेक्शनची तारीख काही महिने उलटली तर हाडांची झीज उसळून वर येते आणि एकदम दोन-तीन मणके दबल्याची उदाहरणे आहेत. ते थांबवायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध लगोलग सुरू करावे लागते.